झुरीच्या कोंबड्या अन् मातलेला कोदो

ये बाई, ये. उंबऱ्यात उभी राहून काय ऐकतेस, अशी जवळ येऊन बस. पन बसल्याबरोबर दोन बोलणी खावी लागतील. परवा तुझ्या घरी चहाले आली होती, तवा पावाच्या कडेची हिरवी बुरशी तू नखानं खुडली, फेकली, अन् बाकीचा पाव पोराच्या हातात दिला. वर मलेच म्हणते, "एवढ्यानं काय होते, काकू?" मी तवा गप राह्यली. चहा प्यायले गेलेल्या बाईनं घरवालीले शिकवू नये. आता तू माझ्या ओसरीवर आहेस, मंग ऐकून घे. रागावू नको. तुझ्यापेक्षा मोठी चूक मी केलेली आहे, अन् ती या गोष्टीत पुढं येणारच आहे.

दिवाळी झाल्यावर मी झुरीकडं जाऊन आली. त्या जंगलात जे पाह्यलं ते तुले सांगते, अन् जे तिकडं कधी गेले नाईत त्याईच्यासाठी लिहूनही ठेवते.

सावलीवरून निघाली

मी सावलीची. शाळा चौथीच्या पुढं नाई. बाकीचं वाचणं पोराईनं टाकून दिलेल्या पुस्तकावरून शिकली. वीस वर्षं एका आश्रमशाळेत स्वयंपाक केला, अन् त्या चुलीवर माझ्या जोडीले झुरी होती. ती गोंडाची, धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातली. मी बौद्धाची, इकडच्या धानाच्या पट्ट्यातली. पहिल्या वर्षी आमचं बोलणं अर्धं तोंडानं अन् अर्धं हातानं चाले. मंग एकाच गंजात, मोठ्या पातेल्यात, दोन सराटे फिरवता फिरवता बहिणी झालो. काम सुटलं तशी ती तिच्या टोल्यावर, जंगलातल्या वाडीवर, गेली अन् मी इथी. दरवर्षी ती म्हणे, आमच्या पंडुमाले ये. पंडुम म्हणजे त्याईचा सण. शेतातलं नवं धान्य आलं की सारं गाव मिळून ते पहिल्यांदा खाते. दरवर्षी माझं काई ना काई निघे. कवा गुडघे, कवा सुनेचं बाळंतपण. यंदा म्हटलं, आता नाई गेली तर मंग कवा?

पिशवीत वैनगंगेचे सुके झिंगे घेतले, झुरीले लय आवडतात. अन् शेंगदाण्याचे लाडू केले. दाणे मागच्या साली घेतलेले, पावसाळ्यात थोडे सादळले होते. जे काळे पडले, ज्याईवर पिवळी भुकटी बसली, ते वेचून मी कोंबड्याईले टाकले अन् बाकीचे भाजून घेतले. सून म्हणाली, "आई, वास येऊन राह्यला." मी म्हटलं, गूळ पडल्यावर नाई येत. लक्षात ठेव हा लाडू.

बोडीचं पानी

व्याहाडच्या अलीकडं बसचं टायर बसलं. कंडक्टर म्हणाला, अर्धा तास. म्हणजे दीड, हे मले ठाऊक होतं. खाली उतरली तर रस्त्याले लागून एक बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, धानाले पानी द्यायचं. मी जवळ गेली अन् थांबली. पानी हिरवं. आपण दाराले लावतो तसा रंग कोणी ओतला वाटे. वाऱ्यानं सारा हिरवेपणा एका काठाले ढकललेला, त्यात चार-दोन मासे पोटं वर करून.

एक धिवर भाऊ काठावर बसला होता, कोरडं जाळं मांडीवर घेऊन. मी विचारलं, भाऊ, एवढं शेवाळ कसं धरलं? तो हसला.

"शेवाळ नोहे बाई. शेवाळ हातात धरता येते. हे धरलं तर नुसता रंग बोटाले लागते."

मंग त्यानं सारं सांगितलं. वरच्या बांध्यातलं, धानाच्या शेतातलं, खत वाहून बोडीत येते, पानी हलत नाई, उन्हानं तापते, अन् त्यात डोळ्याले न दिसणारा जीव माजते. तोच इख सोडते, म्हणजे विष. त्याची एक म्हैस त्या काठचं पानी प्याली अन् दुसऱ्या दिवशी उठलीच नाई. पाह्यले आलेले साहेब बाटलीत पानी भरून घेऊन गेले अन् सांगून गेले, हे पिऊ नका, जनावराले पाजू नका, यात धुवू-आंघोळू नका. यानं विचारलं, उकळून पाजू का? तर साहेब म्हणाले, उकळल्यानं जीव मरते, पन त्यानं सोडलेलं इख पान्यातच राह्यते.

जीव मरते, इख राह्यते. हे मी आधी ऐकलं होतं. एका डॉक्टरच्या तोंडून, आश्रमशाळेच्या ओसरीवर. ती माझी चूक. सांगते, पन तिच्या ठिकाणी सांगीन.

भाऊले विचारलं, मंग तुमचं कसं चालून राह्यलं? म्हणाला, "पलीकडच्या तळ्यावर दुसऱ्याईचा हक्क आहे. तिथी हात लांबवता येत नाई. थंडी पडली की हे बसंल म्हणतात. तवर जाळं शिवतो." अन् खरंच, फाटलेलं काईच नसलेलं ते जाळं तो शिवत बसला होता.

टोल्यावर

गडचिरोली, धानोरा, मंग काळीपिवळी जीप. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी, पायाखाली सिमेंटाची थैली. शेवटचं अडीच-तीन किलोमीटर पायी. साजाची, मोहाची झाडं, अन् रस्त्यावर एवढी शांतता की माझ्याच चपलेचा आवाज मले ऐकू ये. आमच्या सावलीत बांध्याच्या पलीकडं दुसरं गाव दिसते. तिथी झाडाच्या पलीकडं झाडच.

झुरीचं अंगण दिसलं तशी मी लांबूनच हाक मारली. एरवी ती धावत येऊन पायावर पानी घालते. त्या दिवशी तिचा घरवाला, बुधराम भाऊ, पानी घेऊन आला. जोहार घातला. चेहरा उतरलेला. मागून झुरी आली, गळ्यात पडली, पन हात ढिले.

अन् तवाच मी कोंबड्या पाह्यल्या. तीन कोंबड्या अंगणातून झुलत चालल्या होत्या. एक चार पावलं जाई अन् कडेले कलंडे, पंख टेकवून पुन्हा उठे. मी म्हटलं, काऊन झुरी, कोंबड्या पिल्या का?

झुरी म्हणाली, "मर आली आहे. दोन मेल्या." अन् तिथंच विषय तोडला.

घराच्या मागच्या सोप्यात एक पोरगी तान्हं बाळ घेऊन बसली होती. ती झुरीची सून, रोशनी. मी तिच्या लग्नाले आली नव्हती, म्हणून पहिल्यांदा पाह्यली. उठून पाया पडली, पन आत काई आली नाई. जेवताना तिचं ताट बाहेर गेलं. मी इकडं तिकडं पाह्यलं. बुधराम भाऊ भातात डोळे घालून बसले होते.

जेवण साधंच, पन त्याची चव मले अजून आठवते. रेशनच्या तांदळाचा भात, अंबाडीची आंबट भाजी, अन् लाल मुंग्याईची चटणी. तोंडात टाकली की कच्च्या आंब्यासारखी लागते, मागून तिखट येते. आमच्याकडं लोक नाक मुरडतात. मुरडा, मले जास्त येईल. चहा मात्र काळा. त्या घरात गाईचं दूध काढत नाईत, ते वासराचं आहे म्हणतात. वीस वर्षं झुरीनं शाळेत पोराईले दूध वाटलं, पन स्वतः कवा तोंडाले लावलं नाई.

जेवण झाल्यावर झुरी भांडे घेऊन गेली अन् बुधराम भाऊनं मले सांगितलं काय झालं ते.

कोदो तुले ठाऊक नसंल. बारीक दाण्याचं धान्य, भातासारखं शिजवतात. आता शहरात डब्यात भरून महाग विकतात म्हणे. इथी डोंगराच्या उतारावर पिकते, खताच्या थैलीशिवाय. यंदा कापणी झाली, झुरीचा कोदो खळ्यावर पेंढ्याच्या पेंढ्या पडला, अन् अवकाळी पाऊस धरला. चार दिवस सारं भिजत राह्यलं. मंग ऊन पडलं, याईनं वाळवलं, मळलं. दाणा थोडा काळपट झाला, कुबट वास आला. वाळंल की जाईल म्हणून झुरीनं भरून ठेवला. पंडुमाले प्रत्येक घरचा वाटा लागते. तिचा वाटा पहिलाच गेला, गायत्याच्या घरी, गावच्या एका ढोलीत. गायता म्हणजे गावदेवाचं करणारा माणूस. अन् ढोली बांबूची, त्यात साऱ्या घरचा कोदो मिसळते. त्याचाच एक गंज शिजते अन् सारं गाव खाते.

तिथी नेम असा की पंडुम होईपर्यंत नवं कोणी तोंडात घालायचं नाई. आमच्याकडं ज्याच्या घरी नवं आलं त्यानं खाल्लं, शेजारी वास घेत बसते. इथी एकट्यानं खायचंच नाई. मले हे लय आवडलं.

पन झालं असं. रेशनचे तांदूळ संपले. झुरी अन् तिचा मुलगा, रोशनीचा घरवाला, बाजाराले गेले ते उशिरापर्यंत आले नाईत. रोशनी घरी, अंगावर पिणारं बाळ, सकाळपासून पोटात काई नाई. तिनं मूठ-दोन मूठ नवा कोदो कांडला, शिजवला अन् खाल्ला. उरलेला बुधराम भाऊनं खाल्ला. घंटा-दोन घंट्यात रोशनी भोवंडली, ओकली, हातपाय थरथरले, अन् पडली ती दुसऱ्या दिवसापर्यंत उठली नाई. बाळ नशिबानं बरं होतं. बुधराम भाऊ बांधावरच आडवे.

भाऊ म्हणाले, "बाई, तीन वर्षं झाले मी मोहाची सोडली. त्या दिवशी मले दोघांनी उचलून आणलं, अन् सारं गाव हसलं की बुढ्यानं पुन्हा धरली. फुकट बदनाम झालो. निदान एक घोट तरी घेतला असता."

मी हसली, पन ते हसले नाईत. गावात बोलणं निघालं होतं की नवं आधी खाल्लं म्हणून देवानं पाडलं. गायता स्वतः काई बोलला नाई. बोलली झुरी. चुलीपासून तिनंच सुनेले दूर ठेवलं, मुलाचं तिच्यापुढं काई चाललं नाई. परवा पंडुम. त्याच्या आधी उद्या रोशनीनं बाळ घेऊन माहेरी जायचं, अन् तिच्या पायगुणाचं काय ते मंग पाहू, असं ठरलं होतं. रोशनीचं माहेर नदीपलीकडं. अशी पाठवलेली पोरगी परत आणायले कोणी जाईलच, याचा भरवसा नाई, हे भाऊनं तोंडानं म्हटलं नाई, पन मले कळलं.

माया सिस्टर

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीत लहान पोराईले सुई द्यायचा दिवस होता. माया सिस्टर गाडीवर आली. गोंडपिपरीकडची पोरगी, आमच्याच समाजाची निघाली. दोन मिनिटात तिची आत्या अन् माझी मावससासू एका गल्लीतल्या निघाल्या. माहेरी निघायच्या आधी रोशनी बाळाले घेऊन आली होती, तिच्याबरोबर मी गेली. पदराच्या गाठीत झुरीच्या घरचा मूठभर कोदो बांधून.

सिस्टरनं रोशनीले सारं विचारलं. किती खाल्लं, किती वेळानं भोवंडलं, आता कसं आहे. बाळाले उलटून पालटून पाह्यलं. मंग मी गाठ सोडली. तिनं दाणे तळहातावर घेतले, चोळले, नाकाजवळ नेले.

मी काई शास्त्र शिकलेली नाई, तिनं सांगितलं तसं सांगते. ओल्या धान्यावर बुरशी धरते. बुरशी म्हणजे जीवच, तो खाते-पिते अन् इख सोडते. वाळवलं की बुरशी झडते, दिसत नाई, पन इख दाण्यात मुरलेलं राह्यते. धुतलं तरी, शिजवलं तरी. कोदोच्या बुरशीचं इख डोक्याले चढते, माणूस पिलेल्यासारखा होते. जनावर खाईल तर तेही. याची तपासणी मोठ्या ठिकाणी होते, दाणे पाठवते म्हणाली, पन उत्तर यायले दिवस लागतील. "उद्याच्या गंजात हा कोदो जाऊ देऊ नका, मावशी. म्हातारे आहेत, लेकरं आहेत. कमी-जास्त झालं तर दवाखाना किती दूर आहे ते तुम्ही पाह्यलंच."

मी म्हटलं, गेला आहे. ढोलीत मिसळलाही आहे.

तिनं दाणे पुडीत बांधले. मी विषय बदलावा म्हणून पिशवीतला लाडू तिच्या पुढं केला. तिनं तोडला, हुंगला, अन् विचारलं, दाणे कवाचे? मी खरं तेच सांगितलं, वेचून वाईट ते कोंबड्याईले टाकले म्हणून. तिनं लाडू हळूच कागदात गुंडाळला.

"मावशी, हीच गोष्ट आहे. शेंगदाण्याची बुरशी लगेच पाडत नाई. वर्षानुवर्षं काळजाखालचं लिव्हर खाते. जनावराच्या पोटात गेलं तर दुधात उतरते. एक दाणा काळा दिसला तर शेजारचा चांगला दिसणारा खरंच चांगला असंलच असं नाई."

मी तिथी दुसऱ्याच्या कोदोचा न्याय करायले बसली होती, अन् माझ्या पिशवीत वीस लाडू.

खळ्यावर

परत येताना मी बुधराम भाऊले म्हटलं, मले तुमचं खळं दाखवा. खळं घरामागंच. मळणीतला सांडलेला कोदो तिथी अजून पडून होता, अन् कोंबड्या तोच टिपत होत्या. एक टिपता टिपता बसली ती उठेना.

"भाऊ, कोंबड्या कवापासून झुलून राह्यल्या?"

त्याईनं बोटं मोजली. मळणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे रोशनीनं खाल्लं त्याच्या पाच दिवस आधी. भाऊ बोटं तशीच धरून उभे राह्यले.

मले वाटलं, आता हे जाऊन सांगितलं की झालं. पन बाई, एवढं सोपं नव्हतं. ढोलीत साऱ्या गावचं धान्य होतं. झुरीचा कोदो खराब म्हणजे झुरीनं देवाचा गंज खराब केला. चाळीस घरं डोंगरावरून डोक्यावर आणलेला आपापला वाटा फेकून देतील, झुरीमुळं. सुनेनं नेम मोडला म्हटलं तर एकच पोरगी जाते. झुरीले हे कळत नव्हतं असं नाई. कुबट वास तिच्या नाकानंच पहिल्यांदा घेतला होता. तीस पोराईचं नाई, तीनशे पोराईचं धान्य पाखडलेली बाई ती.

ती ओढ्यावर भांडे घासत होती. मी शेजारी बसली, राख घेतली, एक गंज ओढला. थोडा वेळ दोघी घासत राह्यलो. मंग मी तिले खिरीची आठवण दिली.

आता ऐक माझी चूक. शाळेत पाहुणे येणार होते, मी सकाळीच खीर करून ठेवली. पाहुणे आले दुपार टळल्यावर. तवर खीर झाकून, उन्हाळ्याच्या दिवसात, कोमट. माझ्या बोटाले फोड होता, पिकलेला, चिंधी बांधलेली. त्याच हातानं मी सारं केलं होतं. वाढायच्या आधी खीर चांगली खदखदून उकळली, म्हटलं आता काई भ्या नाई. संध्याकाळच्या आत पोरं ओकायले लागली. एकामागून एक, ओसरीभर. सारी वाचली, दुसऱ्या दिवशी खेळायलेही लागली, पन त्या संध्याकाळचा आवाज माझ्या कानातून गेला नाई. डॉक्टर म्हणाला, उकळल्यानं जंतू मेले, पन तवर त्याईनं खिरीत सोडलेलं इख मरत नाई. अन् विचारलं, कोणाच्या हाताले जखम आहे? साऱ्याईनं झुरीकडं पाह्यलं. जंगलातली बाई, हात धुतले नसतील, असं कोणी तरी बोललंही. मी चिंधीवाला हात पदराखाली धरून उभी होती. पूर्ण दोन दिवस. झुरीले कामावरून घरी बसवलं, तवा तिसऱ्या दिवशी जाऊन मी बोट दाखवलं. झुरी परत आली. मले एका शब्दानं बोलली नाई. पन त्या दिवसापासून मी खीर केली नाई. घरच्या कार्यालेही नाई.

ओढ्यावर मी तिले म्हटलं, "झुरी, ते दोन दिवस तू घरी कशी बसली होतीस?"

ती घासत राह्यली. मंग म्हणाली, "भिंतीकडं तोंड करून."

"तुझी सून आठ दिवसापासून तशीच बसून राह्यली आहे. अन् तिच्या आधी कोंबड्या झुलल्या, झुरी. कोंबड्याईनं कोणाचा नेम मोडला?"

तिनं हातातली राख पान्यात सोडली. मले वाटलं, आपण पाहुणी होऊन जास्त बोललो. मंग ती उठली, पदराले हात पुसले, अन् भांडे तिथंच टाकून गायत्याच्या घराकडं चालायले लागली. मी धावत भांडे गोळा केले, एक झारा ओढ्यात वाहून गेला, तो गेलाच. ते नुकसान माझ्या खाती.

गायत्याच्या अंगणात

मी पोचली तवा अंगणात दहा-पंधरा माणसं जमली होती. ढोली ओसरीत, शेणानं लिंपलेली. झुरी तिच्या पुढं उभी होती. ती गोंडीत बोलली. मले गोंडीचे चार शब्द येतात, पन मले सारं समजलं, कारण ती बोलता बोलता बोट एकदा ढोलीकडं नेई अन् एकदा स्वतःच्या छातीकडं. रोशनीचं नाव एकदाच आलं, अन् त्याच्यानंतर झुरीनं मान खाली घातली.

कोणी ओरडलं नाई. एक तरणा माणूस काई तरी तिखट बोलला. बुधराम भाऊनं मले हळूच सांगितलं, तो म्हणते की त्याचा वाटा पावसानंतर कापलेला, एक थेंब न लागलेला, तोही गेला. खरं होतं त्याचं. झुरीनं त्याच्याकडं पाहून हात जोडले.

तवा ओसरीच्या कोपऱ्यातून एक डोकरी बोलली. गायत्याची आई. डोळ्यानं दिसत नाई, मी तिले आतापर्यंत वाकळीचं गाठोडं समजत होती. ती मराठीत बोलली, बहुतेक माझ्यासाठीच.

"कोदो मातते. माझी माय सांगे. पाऊस लागलेला कोदो आधी कोंबडीले टाकत होतो आमी. एक दिवस पाहत होतो. कोंबडी झुलली तर ते खळं जाळत होतो. तुमी रेशनचा तांदूळ खाऊन इसरले. त्या पोरीनं देवाच्या आधी खाल्लं म्हणता. नसतं खाल्लं तर उद्या आमी सारे अंगणात पडलो असतो. देवालेही तेच इख वाढलं असतं."

गायता उठला. बारीकसा माणूस, अंगात बनियान, बोलणं असं हळू की कान द्यावा लागे. त्यानं ढोलीले हात लावला अन् निवाडा दिला. ढोली रिकामी करायची. उतारावरच्या न कापलेल्या शेतातलं एक हिरवं-सोनेरी कणीस आणायचं, ते देवाले. गंज मागच्या सालच्या कोरड्या कोदोचा, ज्याच्या घरी असंल त्याच्या घरचा.

"देवाले नवं दाखवू, पोटाले जुनं देऊ," तो म्हणाला. "अन् झुरीबाई, सुनेले चुलीजवळ घे. दंड कोणाले नाई."

मंग टाकायचं कुठी, यावर घंटाभर वाद चालला. कोणी म्हणे डुकराले घाला, कोणी म्हणे ओढ्यात सोडा, मासे खातील. मी तवा मधात बोलली. बोडीची गोष्ट सांगितली, त्या धिवर भाऊची, पोटं वर केलेल्या मास्याईची. ओढ्यात सोडलं तर ते खालच्या गावच्या घागरीत जाईल. सिस्टरनंही जनावरापासून दूर ठेवा म्हटलं होतं. शेवटी ओढ्यापासून लांब, उंचावर खड्डा खणला. कोदो त्यात, झुरीच्या खळ्याचा झाडलेला केरही त्यात, अन् वर हातभर माती. मीही पिशवी आणली अन् माझे वीसच्या वीस लाडू त्या खड्ड्यात टाकले. बुधराम भाऊ म्हणाले, बाई, सावलीवरून एवढं ओझं यासाठीच आणलं का? त्या आठ दिवसात पहिल्यांदा झुरी हसली.

पंडुम

सणाचं मी जास्त लिहत नाई. काई गोष्टी त्याईच्या आहेत, त्याईच्या राहू द्याव्या. एवढंच सांगते की सकाळपासून ढोल वाजत होता, अन् चाळीस घराईचा एक गंज मोहाखाली शिजत होता. सराटा फिरवणाऱ्या बायाईत रोशनी होती, बाळ पाठीले बांधलेलं. पानावर पहिला घास डोकरीले वाढला तो तिनंच. डोकरीनं चाचपून तिचं मनगट धरलं अन् काई तरी म्हटलं. मी नंतर रोशनीले विचारलं, काय म्हणाली? पोरगी लाजली. "म्हणाली, वाढ अजून. कंजूस आहेस."

निघाली तवा झुरी जीपपर्यंत आली. तिचे हात आता ढिले नव्हते. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी तिनं माझा हात सोडला नाई. त्याच बोटावर, चिंधी होती तिथी, अंगठा फिरवला.

"शांता, घरी जाऊन खीर कर," म्हणाली. "मी दूध खात नाई, मले नको. कोणाले तरी बोलाव अन् गरम गरम खाऊ घाल. लय वर्षं झाले आता."

तर बाई, ही अशी गोष्ट. माया सिस्टरचा फोन आला होता, दाण्यात बुरशीचं इख निघालं. रोशनी चांगली आहे. कोंबड्याईतल्या दोन वाचल्या. मी नवे शेंगदाणे आणले, उन्हात खडखडीत वाळवले, अन् डबा जमिनीवरून उचलून फळीवर ठेवला. हात मी आता कोपरापर्यंत धुते, सून हसते.

आज तू अचानक आलीस, घरात दूध नाई. रविवारी ये. पोराले घेऊन ये, तो हिरवा पाव मात्र खड्ड्यात पुरून ये. दुपारी बारा म्हणजे बारा, पाहुण्यासारखं दिवस टळल्यावर येऊ नको. मी खीर करून राह्यली आहे, अन् खीर कोणासाठी थांबत नाई.